तिसऱ्या अंकाची घंटा

तिसरा अंक कापला, ही बातमी मला माझ्या नवऱ्यानं दिली नाही. रंगभूषावाल्यानं दिली, तीही फोनवर, मी चटणीसाठी शेंगदाणे भाजत होते तेव्हा.

"वैनी, तो पांढऱ्या केसांचा टोप न्हाय आनत मग म्या. सर म्हनले, लागनार न्हाय."

हा माणूस मोहोळचा. जत्रेतल्या तमाशापासून शाळेच्या गॅदरिंगपर्यंत सगळ्यांची तोंडं रंगवतो, पण स्वतःला खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, "लागणार नाही कसा? तिसऱ्या अंकात मी म्हातारी होते ना?"

मग म्हणाला, "तिसरा अंकच न्हाय म्हनं की आता. दोनातच संपिवलंय. तुमाला ठावं न्हाय व्हय?"

शेंगदाणे करपले. करपू देत म्हटलं. गॅस बंद केला आणि बाहेरच्या खोलीत गेले. आमचे हे पेपर वाचत बसले होते. हे म्हणजे आमच्या हौशी नाट्यसंस्थेचे लेखक, दिग्दर्शक, प्रमुख नट आणि अध्यक्ष. सगळं एकाच खुर्चीत.

"तिसरा अंक कापलात?"

"अगं, सांगणारच होतो." पेपर खाली झाला नाही. "तीन अंक आता कोण बघतंय? लोकांच्या हातात मोबाईल. मध्यंतरानंतर खुर्च्या रिकाम्या."

"मध्यंतरात उठतात ते पहिल्या अंकाला कंटाळून. मग पहिला कापा."

"पहिल्यात सगळी मांडणी आहे."

"आणि तिसऱ्यात?"

"तिसऱ्यात नवीन काही घडतच नाही. फक्त ती बोलते."

फक्त ती बोलते! तेवढ्यासाठी अंक कापायचा. मला वाटलं, त्या पेपराला काडी लावावी.

नाटक कशाचं, ते आधी सांगते. गिरणी बंद पडते. कामगाराला ते सोसत नाही, तो एक दिवस काही न सांगता घरातून निघून जातो. बायको विड्या वळून पोरं वाढवते. बारा वर्षांनी नवरा परत येतो आणि दार वाजवतो. पहिला अंक घरातला, दुसरा गिरणीच्या फाटकाशी, तिसरा पुन्हा घरात. दुसऱ्या अंकाच्या शेवटी ह्यांचं लांबलचक स्वगत. कुलूप लावलेल्या फाटकाला धरून हे रडतात आणि पडदा पडतो. त्यावर टाळी येते, नाही असं नाही. पण लोक लक्षात ठेवतात तो तिसरा अंक. बायको दारात उभी राहते आणि म्हणते, "भाकरी हाय, खावा. पानी हाय, प्या. पर ऱ्हायचं म्हनू नगा. तुमच्या जाग्यावर आता मी पाय पसरून झोपती."

हे वाक्य माझं आहे.

माझं म्हणजे मी लिहिलेलं नाही, मी बोललेलं. लग्नाला थोडीच वर्षं झाली होती. माझी आई बार्शीला वारली. हे दौऱ्यावर होते. निरोप पोचला, पण पुढचे प्रयोग लागले होते म्हणे. मी लेकीला काखेत मारून एसटीनं गेले, दिवस करून एकटी परत आले. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी हे उगवले. गळ्यात हार, अंगाला पावडरीचा वास. येऊन पलंगापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "सरक जरा." आईबद्दल एक शब्द नाही. मी पडल्यापडल्या म्हटलं, "तुमच्या जागेवर आता मी पाय पसरून झोपते." ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, लागलं मनाला. लागलं कुठलं! त्याच वर्षी ते वाक्य नाटकात आलं, कामगाराच्या बायकोच्या तोंडी, गावाकडची भाषा लावून. पहिल्याच प्रयोगाला त्यावर एवढी टाळी पडली की पुढचं ऐकू येईना. ह्यांना लेखनाचं बक्षीस मिळालं. शाल ह्यांनी ठेवली, नारळ माझ्याकडं आला. त्याची मी चटणी केली.

तेव्हापासून त्या बायकोचं काम कितीजणींनी केलं! कुणी बँकेतली, कुणी कॉलेजातली. कुणाची बदली झाली, कुणाच्या सासूला पटलं नाही. मी मात्र कायमची विंगेत. हातात बाड, म्हणजे नाटकाची वही, गळ्याला शिट्टीसारखी अडकवलेली बॅटरी. कुणी अडखळलं की पुढचा शब्द मी द्यायचा. घंटा मी द्यायची. चहा मी करायचा. माझंच वाक्य मी दुसऱ्या बायकांना कुजबुजून दिलंय, आणि त्यांनी ते म्हटल्यावर पडलेल्या टाळ्या अंधारात उभं राहून ऐकल्यात. कुणाला सांगणार? घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत; शाळेत पाढे शिकवायचे, घरी स्वयंपाक, संध्याकाळी ह्यांची तालीम.

यंदा शेवटच्या बाईची बदली नाशिकला झाली आणि प्रयोग तोंडावर आला. संस्था ज्यांनी काढली त्या थोरल्या सरांचा स्मृतिदिन, त्यामुळे प्रयोग पुढं ढकलता येईना. हे म्हणाले, "तुला तर पाठच आहे. कर तू." विनंती नव्हती, ती सोय होती. तरी मी खुलले, कशाला खोटं बोलू. साठीची बाई, नोकरी संपलेली, पहिल्यांदा उजेडात जायला मिळणार. दिवसभर भांडी घासताना तिसरा अंक म्हणत होते.

मग तिसऱ्या अंकाची तालीम झाली. ह्यांनी दार वाजवलं, मी उघडलं. आणि ते वाक्य म्हटलं. मोठ्यानं नाही म्हटलं, ओरडलेही नाही. त्या पलंगावरून म्हटलं होतं तसंच म्हटलं. रंगभूषावाला चहाचा कप तोंडाशी धरून तसाच बसला. ह्यांना पुढचं वाक्य आठवेना. सोपं वाक्य आहे, "मग म्या कुटं जाऊ?" एवढंच, आणि मग मी दार लावायचं. हे माझ्याकडं बघत राहिले. मग घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "आज इथंच थांबू."

दुसऱ्या दिवशी टोपाचा तो फोन आला. आता सांगा, मोबाईलवाल्या प्रेक्षकाचा इथं काय संबंध? पंचवीसेक वर्षं परक्या बायकांनी तेच म्हटलं तेव्हा तिसरा अंक चालत होता. मी म्हटल्यावर लांबट वाटायला लागला!

अंक म्हणजे काय, हे मला कुणा पंडितानं शिकवलं नाही. बार्शीत माझे वडील धान्याच्या अडतीवर मुनीम होते. गावात कधी नाटकाचा तंबू लागला की मला न्यायचे. अंक संपला की पडदा पडायचा आणि आतून हातोड्याचे आवाज यायचे, ठाक ठाक ठाक. मी विचारलं, "बाबा, आत काय चाललंय?" वडील म्हणाले, "आत वर्षं चाललीत. गप शेंगा खा." पडदा उघडला तर खरंच नायकाचे केस पांढरे झालेले. वर्षं हातोड्यानंच जातात, असं मला बरेच दिवस वाटत होतं.

पण त्यात खरं होतं काहीतरी. पडदा पडतो, लोक बाहेर जातात, वडा खातात, चहा पितात, एकमेकाला विचारतात, आता त्या बाईचं कसं होणार? तेवढ्या वेळात ती बाई आत बारा वर्षं काढते. ती कुणी लिहीत नाही, कुणी दाखवत नाही. प्रेक्षकानं ती आपल्या मनानं भरायची असतात, आणि ज्यानं त्यानं आपल्या घरातली भरावीत. हल्लीच्या दीडशहाण्यांना ते नको. दिवे घालवतात, कुणीतरी बासरी वाजवतं, दिवे लावतात. झाली बारा वर्षं! अरे, कणीक तिंबून ठेवली तरी तिला मुरायला वेळ देता, मग बाईला का नाही?

लेकीनं मागं पुण्यात मला थिएटरात नेलं होतं. पडद्यावर परदेशातला बॅले दाखवत होते. त्या पोरी पायाच्या अंगठ्यावर उभ्या राहून नाचत होत्या, तोंडातून चकार शब्द नाही, आणि तरी तीन अंक. मधे दोनदा दिवे लागले. तोंडानं न बोलणाऱ्या बायकांना तीन अंक मिळतात, आणि माझ्या वाट्याचा एक ह्यांना जड झाला.

मी म्हटलं, "अंक नाही तर मी पण नाही. सोडते काम."

"सोड की. पहिल्या अंकापुरती कुणीही मिळेल. तू आपली बाड घेऊन बस विंगेत."

एवढं बोलून पेपरचं पान उलटलं. त्या क्षणी मी ठरवलं, काम सोडायचं नाही. काय करणार होते ते मलाच ठाऊक नव्हतं. पण ह्यांना रिकामी विंग भरून द्यायची नाही, एवढं नक्की होतं.

आता थोरल्या सरांच्या आवाजाचं सांगायला हवं. आमच्या संस्थेत नाटकाच्या आधीची घोषणा कुणी नव्यानं करत नाही. सर होते तेव्हा त्यांनी प्रत्येक नाटकाची घोषणा कॅसेटवर बोलून ठेवली होती. ते गेल्यावर ती कॅसेट पुसायचं धाडस कुणाला झालं नाही. पुढं कुणीतरी ते सगळे आवाज मोबाईलात घेतले. नारळ फुटला की मोबाईल लावायचा, आणि सर बोलतील तोवर सगळ्यांनी विंगेत हात जोडून, मान खाली घालून उभं राहायचं. देवाच्या आरतीला जसे शब्द कुणी तपासत नाही, तसं ते चालतं.

स्मृतिदिनाचा प्रयोग रविवारी दुपारी होता. बाहेर ऊन असं की चपलेखालचं डांबर ओढ घेत होतं. तरी नाट्यगृह भरलं. थोरल्या सरांचे जुने विद्यार्थी, आमच्या शाळेच्या बाया, आणि आमच्या शेजारच्या अक्का. अक्का तेलुगू घरातल्या, जन्मभर विड्या वळलेल्या. हे नाटक त्यांनी पूर्वी पाहिलं होतं, म्हणून गल्लीतल्या सगळ्या विडीवाल्या बायांना घेऊन पुढच्या रांगा धरून बसल्या होत्या.

नारळ फुटला. आम्ही हात जोडले. सरांचा खर्जातला आवाज आला, "रसिकहो, सादर करीत आहोत, तीन अंकी नाटक..."

मी डोळे उघडले. ह्यांचे मिटलेले. बाकी सगळ्यांचेही मिटलेले. आवाज संपला, सगळ्यांनी भक्तिभावानं कानाला हात लावले. तीन अंकी! सगळं कापलं, सरांचा आवाज कापायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी काही बोलले नाही. पदर खोचला आणि पहिल्या अंकाची घंटा दिली.

पहिला अंक बरा झाला. पासष्टी उलटलेला माणूस तिशीचा गिरणी कामगार म्हणून उड्या मारत होता, लोक सोसत होते. माझे केस रंगभूषावाल्यानं काळी पावडर चोळून काळे केले होते. मध्यंतर झालं, वडे खपले. दुसऱ्या अंकात हे फाटकाला धरून रडले. पडदा पडला. टाळ्या झाल्या. सभागृहात दिवे लागले.

आमच्यात पडद्यानंतर नट पुन्हा तोंड दाखवायला जात नाहीत. हा थोरल्या सरांचा दंडक. पडदा पडला की आपलं काम झालं. त्यामुळं लोकांना सांगणार कोण, की नाटक संपलं? हे रंगपटात गेले, सदरा काढला आणि खोबरेल लावून तोंड पुसायला बसले. मी पडद्याच्या फटीतून बघितलं. लोक बाहेर गेले होते, पण पिशव्या खुर्च्यांवर होत्या. चहावाल्यापाशी गर्दी होती. आणि मग एकेक करून माणसं परत येऊन बसायला लागली.

अक्का विंगेच्या दारातून आत डोकावल्या. "ओ बाई, तिसरा कधी लागतंय? आमच्या बाया लघवीला पण जाईना, सुटल म्हणून."

मी म्हटलं, "बसा तुम्ही. लागतोच."

रंगभूषावाल्याला म्हटलं, "पहिल्या अंकातलं दार मागं भिंतीला टेकवलंय. आणून उभं कर. खिळे ठोक."

"वैनी, सर..."

"सर तोंड धुतायत. ठोक तू."

त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, मग रंगपटाकडं, आणि हातोडा उचलला. ठाक ठाक ठाक. बाहेर कुजबूज थांबली. मी ओल्या टॉवेलनं डोक्यावरची काळी पावडर पुसून काढली. खाली माझे पांढरे होतेच, टोपाची गरज पडली नाही. मांडीवर घ्यायला सूप उचललं, तेंदूची पानं घेतली, आणि तीनदा घंटा दिली. पडदा ओढणाऱ्याला घंटा कळते, बाकी काही नाही. तिसरी घंटा वाजली की दोर ओढायचा. त्यानं ओढला.

मी उजेडात बसून विड्या वळत होते. पुढच्या रांगेतल्या बाया माझ्या बोटांकडं बघत होत्या.

उजव्या विंगेत हे धावत आले. अंगात बनियन, अर्ध्या तोंडावर तेल, अर्ध्यावर रंग. "काय चाललंय हे? पडदा पाड! पाड म्हणतो ना!" हे सगळं दातओठ खाऊन, हळू आवाजात. पडदेवाला गोंधळून माझ्याकडं बघायला लागला. मी वर बघितलंच नाही. बारा वर्षं एकटी असलेली बाई कुणाकडं कशाला बघेल? मला भीती वाटत होती, आणि त्याच वेळी आयुष्यात कधी आला नव्हता एवढा राग आला होता. वाजवा दार, मनात म्हटलं. नाहीतर मी अशीच बसते, लोक उठेपर्यंत.

मागं सभागृहात कुणीतरी खोकलं. प्रेक्षक वाट बघतोय म्हटल्यावर ह्यांना राहवत नाही, ही ह्यांची जन्माची खोड. दार वाजलं.

मी उठले, उघडलं. बनियनवर, तेलकट तोंडानं हे उभे होते. घर सोडून गेलेला माणूस एवढा खरा ह्यांनी कधीच केला नव्हता.

"भाकरी हाय, खावा," मी म्हटलं. "पानी हाय, प्या. पर ऱ्हायचं म्हनू नगा. तुमच्या जाग्यावर आता मी पाय पसरून झोपती."

टाळी पडली नाही. पुढच्या रांगेतून अक्का मोठ्यानं म्हणाल्या, "बरोबर!"

आता ह्यांचं वाक्य. मग म्या कुटं जाऊ. ह्यांचे ओठ हलले. काही आलं नाही. मी बघत होते, ह्यांना खरंच आठवत नव्हतं. आणि मग ह्यांनी ते केलं जे गेली पंचवीस वर्षं करत आलेत. मान किंचित वळवली आणि डाव्या विंगेकडं बघितलं. शब्द तिकडून यायचा. विंगेत अंधार होता. तिथं स्टुलावर बाड पडलं होतं आणि शेजारी कुणी नव्हतं.

मग माझ्याकडं बघितलं. नजरेनं मागत होते. शब्द माझ्या जिभेवर होते, एका श्वासात देता आले असते, कुणाला कळलंही नसतं. मी तोंड मिटून उभी राहिले. ह्यांच्या कपाळावरून तेल ओघळलं. सभागृहातला एकेक माणूस बघत होता. मी मोजलं नाही, पण पुष्कळ वेळ गेला. मग मी दार लावलं.

पडदा पडल्यावर ज्या टाळ्या झाल्या त्या मी विंगेत नाही, रंगमंचावर उभी राहून ऐकल्या.

रिक्षानं घरी आलो. कुलूप काढल्यावर हे आत आले, दिवा लावला आणि म्हणाले, "एक शब्द दिला असतास तर काय बिघडलं असतं? सगळ्यांसमोर शोभा केलीस माझी."

"माझा अंक कापताना मला विचारलंत?"

"नाटकाच्या भल्यासाठी कापला."

"आईच्या वेळी आला नाहीत, तेही नाटकाच्या भल्यासाठीच ना?"

इतक्या वर्षांत आईचं नाव ह्या घरात असं निघालं नव्हतं. मी लुगडंही बदललं नाही. आतल्या खोलीत गेले आणि पलंगावर आडवी झाले, अंग नुसतं ठणकत होतं. पाय आपोआप पसरले, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

हे दारात येऊन उभे राहिले. सदरा काढलेला, बनियन तेच, कानाच्या मागं रंग राहिलेला. "सरक" म्हणाले नाहीत. मग अगदी हळू, मला ऐकू यावं की नाही असं, म्हणाले, "मग मी कुठं जाऊ?"

शब्द न् शब्द बरोबर. मी पाय तसेच ठेवले.